हाउगच्या चकतीची तीन भोकं

फ्राउ हाउग आमच्या घरात पहिल्यांदा आल्या त्या माझं कीर्तन बंद पाडायला.

त्या घरमालकीण. वय चौऱ्याऐंशी, राहायला आमच्याच खाली, तळमजल्यावर. माझी लेक मैथिली आणि जावई गौरांग जर्मनीत झिंडेलफिंगेनला त्यांचे भाडेकरू होऊन सहा वर्षं झाली होती, पण बाई कधी जिना चढल्या नव्हत्या. काही सांगायचं असलं की चिठ्ठी लिहायच्या आणि पत्रपेटीत टाकायच्या. जिना पुसला नाही, चिठ्ठी. बाटली चुकीच्या डब्यात पडली, चिठ्ठी. मी साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आले, तर चौथ्या दिवशी माझ्या फोडणीवर चिठ्ठी आली.

त्या दिवशी मात्र स्वतः आल्या. गोकुळाष्टमी खरी सोमवारची, पण इथे सण रविवारी सरकतात. आणि रविवार म्हणजे जर्मनीत शांततेचा वार, भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. आमच्याकडे पंचवीस माणसं, पेटी, तबला, झांजा. पूर्वरंग आटोपून मी नुकता आख्यानाला हात घातला होता. दार उघडंच होतं. बाई आत शिरल्या आणि बूट न काढता सतरंजीवरून सरळ माझ्याकडे चालत आल्या. नारदाच्या गादीवर उभ्या असलेल्या माणसाला आडवं जायचं नसतं, त्यामुळे दोघंतिघं "अहो, अहो" करत उठले. पण बाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. माझ्या मागे बघत होत्या.

मागे बाळकृष्णाचा पाळणा होता आणि पाळण्यामागे सुदर्शन चक्र.

चक्र मीच केलेलं. म्हणजे मिळालेलं. तळघरातल्या बोळात, केलरमध्ये, भंगाराला काढून ठेवल्यासारखी एक मोठी अ‍ॅल्युमिनियमची चकती भिंतीला टेकून उभी होती. परातीएवढी, कडेकडेनं बारीक भोकं, एकाच्या पुढे एक, हळूहळू आत वळत जाणारी, गोगलगाईच्या पाठीसारखी. टाकाऊतून मखर करायची आपली जुनी सवय. मी ती वर आणली, सोनेरी रंग मारला, मागे दिवा लावला. मंडळातल्या बायका म्हणाल्या, "यमुनाताई, काय चक्र केलंय हो!" मी फुशारून गेले होते.

बाईंनी चकतीला हात लावला. बोटाला सोनेरी रंग लागला. त्या काहीतरी म्हणाल्या, अगदी हळू.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

गौरांगरावांचा चेहरा उतरला होता. "आई, ही त्यांच्या वडिलांची आहे. विचारतायत, कुणी रंगवली."

"मी," मी म्हटलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. कपाळावरचा बुक्का, हातातल्या चिपळ्या, पायाखालची गादी, सगळं खालून वर बघितलं. मग जे बोलल्या त्याचं भाषांतर करायला मैथिली तयार होईना. शेवटी गौरांगरावच म्हणाले, "त्यांना वाटतं की तुम्ही चोर आहात. म्हणजे, तसंच म्हणाल्या त्या."

माणसं चपला शोधायला लागली. कीर्तन तिथेच मोडलं.

*

ती चकती म्हणजे काय, हे मला रात्रीच्या जेवणाला कळलं. जावई माझ्याशी बोलत होते ते भांड्यांकडे बघून.

"आई, तुम्ही टेलिफोन खात्यात होतात. तारेतून आवाज कसा जातो ते तुम्हाला सांगायला नको."

"बत्तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली मी."

"हां. तर आवाज जातो तसं चित्र पाठवायचं. पण तार एका वेळी एकच गोष्ट नेते, अख्खा चेहरा नेत नाही. मग चेहऱ्याचे तीस पट्टे पाडायचे, आडवे, वरपासून खालपर्यंत. ही चकती फिरते. पहिलं भोक चेहऱ्याचा सगळ्यात वरचा पट्टा बघत जातं. ते गेलं की दुसरं येतं, ते त्याच्या खालचा बघतं. तीस भोकं झाली की एक चेहरा झाला. सेकंदाला असे साडेबारा फेरे. दुसऱ्या टोकाला अशीच चकती, तिच्यामागे दिवा. बस. हा टेलिव्हिजन. शंभर वर्षांपूर्वीचा."

"आणि हा त्यांच्या वडिलांनी काढला?"

"कल्पना आधी दुसऱ्याची, बऱ्याच जणांची. पण या माणसानं स्वतःच्या हातानं केलं. गॉटलोब हाउग. त्सुफेनहाउझेनच्या एका घड्याळजीचा मुलगा. भोकं चौकोनी पाडायची ही त्याची युक्ती. गोल भोकानं दोन पट्ट्यांच्या मध्ये काळी रेघ राहते, चौकोनी असेल तर पट्ट्याला पट्टा चिकटतो. एकेक भोक हातानं. तुम्ही ज्याच्यावर सोनेरी ऑइलपेंट मारलात ना, ते ते."

"गौरांग, बास," मैथिली म्हणाली.

"बास काय बास? म्हातारी आत्ता लिहीत बसली असेल क्युंडिगुंग. घर सोडा म्हणून पत्र. मग शोध तू स्टुटगार्टच्या आसपास चार खोल्या."

मी वरणाची वाटी बाजूला केली. त्याचं कारण नुसता रंग नव्हता. रंगाबद्दल मी कबूल झालेच होते. पण रंग मारल्यावर भोकं बुजली होती, आणि सुईनं मोकळी केली तरी मागच्या दिव्याचा उजेड म्हणावा तसा येईना. म्हणून मी गोधडीसाठी आणलेलं दाभण घेतलं आणि भोकं मोठी करायला लागले. बाहेरच्या कडेपासून सुरुवात केली. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्याला दाभण सटकलं, अंगठ्यात शिरलं, आणि मी कंटाळून सोडून दिलं. कृष्णाच्या मागे तीन तारे मोठे दिसत होते. मला ते छानच वाटले होते.

हे मी कुणाला सांगितलं नाही. उद्या सांगू म्हटलं.

*

दुसऱ्या दिवशी गौरांगराव आणि मैथिली माफी मागायला खाली गेले. मीही गेले, डब्यात सुंठवडा घेऊन. बाईंनी डबा घेतला नाही. बसायलाही सांगितलं नाही. स्वतः मात्र खुर्चीत बसल्या, काठी मांडीवर आडवी ठेवून.

"चकती मी बाहेर काढून ठेवली होती," त्या म्हणाल्या. मैथिली वाक्यावाक्याला मराठी करत होती. "पन्नास वर्षांनी काढली होती. कारण रेकॉर्ड सापडली."

कार्ल्सरूहेला त्यांची एक चुलतबहीण वारली होती. तिच्या सामानात ग्रामोफोनची एक तबकडी निघाली. वर पेन्सिलनं लिहिलेलं, मार्च १९३०, आणि खाली एक नाव. ते बाईंच्या आईचं. तबकडी लावली तर गाणं नाही, बोलणं नाही, नुसती माशीसारखी गुणगुण. ती गुणगुण म्हणजे चित्र होतं. गॉटलोब हाउगनी बायकोला अंधारात दिव्यासमोर बसवून तिचा चेहरा चकतीतून घेतला होता आणि मेणावर कोरून ठेवला होता.

"मी चार वर्षांची असताना आई बॉम्बहल्ल्यात गेली," बाई म्हणाल्या. "घर जळालं. एकही फोटो नाही. चकती वडिलांच्या मळ्यातल्या झोपडीत होती म्हणून वाचली. आईचा चेहरा मला आठवत नाही."

माझे डोळे भरून आले. मी पदर लावला. बाईंनी ते बघितलं आणि त्यांचा आवाज चढला.

"रडायला सांगू नका हिला. मी आईला बघून रडणार नाहीये. मला तिचं कपाळ बघायचंय."

आणि मग त्यांनी ते सांगितलं. अगदी पावती फाडून द्यावी तसं.

आईच्या कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक व्रण होता, मोठा. हे सगळे मान्य करत. मावशी म्हणायची, एकोणतीस साली अकरावी चकती बिघडली तेव्हा गॉटलोबनं कानस फेकून मारली, हा त्याचा व्रण. वडील म्हणायचे, खोटं आहे, ती पस्तीस साली बर्फावर घसरली, पायरीवर आपटली. दोघंही आपापलं म्हणणं घेऊन मेले. मावशीनं बाईंना वाढवलं. बाईंनी मावशीवर विश्वास ठेवला आणि वयाच्या विसाव्या वर्षापासून वडिलांशी बोलणं टाकलं. ते एकाहत्तर साली गेले तेव्हा ह्या मातीला गेल्या नाहीत.

"चित्र तीस सालचं आहे," बाई म्हणाल्या. "व्रण दिसला तर वडील खोटारडे. नाही दिसला तर मावशी. मला एवढंच हवंय. आणि तुम्ही त्याच्यावर सोनं फासलंत."

गौरांगराव म्हणाले, रंग मी काढून देतो. मोटर, दिवा, सगळं मी बसवतो. कार्ल्सरूहेच्या विद्यापीठात निहार म्हणून ओळखीचा मुलगा पीएचडी करतो, तो तबकडीची गुणगुण कॉम्प्युटरवर उतरवून देईल.

"मग कॉम्प्युटरवरच का नाही दाखवत चेहरा?" मी मैथिलीच्या कानात विचारलं.

जावयांनी ऐकलं. "कारण भोकं हातानं पाडलेली आहेत, आई. कुठलं केसभर डावीकडे, कुठलं उजवीकडे. कॉम्प्युटरला ते माहीत नाही, तो चेहरा फणी फिरवल्यासारखा फाटका दाखवील. ज्या चकतीतून चेहरा घेतला त्याच चकतीतून तो सरळ दिसतो. चूक चुकीला कापते."

बाई म्हणाल्या, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. मग माझ्याकडे काठी केली. "फक्त हिनं आता कशाला हात लावायचा नाही."

त्या वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण बाईंच्या मांडीवरची काठी बघितली, जावयांची खाली गेलेली मान बघितली, आणि ते मिटलं.

*

गणपतीत स्टुटगार्टच्या मंडळात माझं कीर्तन ठरलेलं होतं. मनात आलं, आख्यान गॉटलोब हाउगचंच लावावं. आमच्याकडे कीर्तनाला सगळं चालतं, पुराणातला भक्त चालतो तसा शास्त्रज्ञही चालतो. वाटलं, बाईंच्या वडिलांचं नाव चार लोकांच्या तोंडी जाईल, तेवढंच परिमार्जन. तीन भोकांचंही त्यात कुठेतरी फिटून जाईल, असा हिशोब मनात होता की काय, कोण जाणे.

गौरांगराव बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर रंग काढत बसायचे, संध्याकाळी कारखान्यातून आल्यावर. थिनरमध्ये बुडवलेला कापूस, भिंग, दातांच्या दवाखान्यात असतो तसा आकडा. मी मैथिलीला घेऊन मुद्दाम त्या वेळी खाली जायची, वही घेऊन.

"विचार गं, दिवसा काय करायचे?"

"लेथवर कामाला होते," बाई म्हणाल्या. "दहा तास."

"आणि रात्री साधना! एकेका भोकासाठी—"

"साधना नाही. रात्री चकत्या बिघडवायचे. अकरा बिघडवल्या. लिहा, अकरा. आईच्या लग्नातल्या चांदीच्या चमच्यांचं पितळ आणि तारा झाल्या."

मी लिहिलं, संसार पणाला लावला.

"काय लिहिलं हिनं?" बाईंनी विचारलं. मैथिलीनं सांगितलं.

"चमचे पणाला लावले नाहीत, विकले. न विचारता."

"असू दे हो. मोठ्या माणसांचं असंच असतं, त्यांना स्वतःचं भान—"

"मैथिली, हिला विचार, ही प्रत्येकाला संत करते का?"

मैथिलीनं मला जर्मनपेक्षा मराठीत सौम्य करून सांगितलं, पण मला कळलं.

बाराव्या चकतीनं चित्र दाखवलं. आगपेटीएवढं, नारिंगी, थरथरतं. पेटंटला अर्ज केला, तिथून पत्र आलं, यात नवं काही नाही. मग टीव्हीची काचेची नळी आली. तिच्यात काही फिरत नव्हतं, काही खडखडत नव्हतं आणि चित्र दहापट चांगलं. दोन वर्षांत जगातल्या सगळ्या चकत्या भंगारात. गॉटलोब हाउगनी मरेपर्यंत घड्याळं दुरुस्त केली. घरात टीव्ही येऊ दिला नाही.

"एवढ्या मोठ्या अपमानाचं हलाहल पचवलं म्हणायचं," मी म्हटलं.

"पचवलं नाही," बाई म्हणाल्या. "आमच्यावर ओकलं."

तेवढ्यात टेबलावरून गौरांगराव म्हणाले, "हे गंमतशीर आहे." ते भिंगातून बघत होते. "पहिली तीन भोकं बाकीच्यांपेक्षा मोठी आहेत. चौकोनही नाहीत धड. म्हाताऱ्यानं मुद्दाम केलंय की काय? ओळीची सुरुवात ओळखायला काहीतरी खूण असेल."

"काय म्हणतोय तो?" बाईंनी विचारलं. जावयांनी जर्मनमध्ये सांगितलं. बाई उठल्या, काठी टेकत आल्या, भिंगावर वाकल्या. बराच वेळ बघत होत्या.

माझ्या हातात वही होती. अंगठ्यावरची दाभणाची खूण अजून दुखत होती. मी वही मिटली आणि म्हटलं, कुकर लावायचाय.

*

गणेशचतुर्थीच्याच शनिवारी दुपारी बाईंच्या बैठकीत पडदे ओढले. फक्त आम्ही चौघं. चकती एका लाकडी चौकटीत उभी केलेली, खाली मोटर, मागे दिवा, पुढे काळ्या पुठ्ठ्यात आगपेटीएवढी खिडकी. सोनेरी रंगाचा ठिपकाही राहिला नव्हता. जावयांनी पंधरा दिवस घालवले होते.

मोटर सुरू झाली. चकती आधी दिसत होती, मग दिसेनाशी झाली. नुसता वारा आला. जावयांनी लॅपटॉपवर काही केलं आणि खोलीत ती गुणगुण भरली.

खिडकीत नारिंगी ढग आला. वर सरकला, घसरला, पुन्हा आला. जावई मोटरचा वेग केसाकेसानं बदलत होते. आणि एका क्षणी तो ढग थांबला, आणि एक बाई आमच्याकडे बघत होती.

किती तरुण होती! डोळे मिटत होती, उघडत होती. ओठ हलले. बहुतेक म्हणाली असेल, झालं का? कशीबशी बावीस वर्षांची. मी हात जोडले.

"वर," फ्राउ हाउग म्हणाल्या. "वर काय झालंय?"

भुवयांच्या वर काहीच नव्हतं. तिथे तीन जाड पांढरे पट्टे होते, उजेडाचे, एकात एक सांडलेले. केस नाहीत, कपाळ नाही. खाली डोळे, नाक, ओठ, हनुवटी, सगळं रेघ न् रेघ; आणि वर चुना फासल्यासारखं.

जावयांनी मोटर थांबवली, पुन्हा लावली. तेच. तिसऱ्यांदा लावली. तेच.

मग फ्राउ हाउग हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ते हसणं मला बघवेना.

"आल्झो, असं आहे तर," त्या म्हणाल्या. "तीन भोकं. मुद्दाम मोठी केली. कपाळावरचीच तीन. स्वतःच्या यंत्राचा डोळा फोडला, पण आपण काय केलंय ते कुणाला दिसू दिलं नाही. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?" त्या चौकटीकडे वळल्या, चकतीशी बोलल्यासारख्या. मैथिली भाषांतर करायची थांबली होती, पण ते शब्द कळायला भाषा लागत नव्हती. बाई त्या चकतीवर थुंकल्या.

माझे कीर्तनातले गुरू श्रीरंगबुवा सांगायचे, आख्यानात रंग भरायला मनाई नाही, पण ज्याचं आख्यान लावलंय तो मेलेला असतो, तो उठून "असं नव्हतं हो" म्हणू शकत नाही. म्हणून जपा. मला तेवढंच आठवलं.

"मैथिली," मी म्हटलं, "त्यांना सांग, ती भोकं मी मोठी केली. दाभणानं. दिव्याचा उजेड यावा म्हणून."

मैथिलीनं माझ्याकडे बघितलं. "काय?"

"सांग."

"आई, मी हे सांगणार नाही." तिचा आवाज फाटला. "तुला कळतंय का? चिठ्ठी नाही टाकणार त्या आता. पोलीस, वकील. आम्हाला इथं राहायचंय. तू नोव्हेंबरात जाशील विमानात बसून!"

"मग खोटं राहू द्यायचं का? त्या माणसावर?"

"तो मेलाय, आई! पन्नास वर्षं झाली!"

गौरांगराव लॅपटॉपवरून उठले. मला वाटलं आता हे मला खोलीबाहेर काढणार. ते बाईंच्या समोर उभे राहिले आणि जर्मनमध्ये बोलले, एका सुरात. दाभण हा शब्द त्यांना जर्मनमध्ये सापडला नाही, तेव्हा हातानं करून दाखवलं. काही गाळलं नाही, काही घातलं नाही. पंधरा दिवस भिंग लावून जे साफ केलं ते माझ्यामुळे फुकट गेलं, हे कळूनसुद्धा.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग मान हलवली.

"खोटं बोलते," त्या म्हणाल्या. "हिला त्याला वाचवायचंय. ही त्याला संत करायला निघालीये, दोन आठवडे बघतेय मी. चोराच्या चोऱ्यासुद्धा स्वतःच्या पदरात घेईल ही बाई, गाणं चांगलं व्हावं म्हणून."

गौरांगरावांनी ते तसंच्या तसं मला सांगितलं.

मी वर गेले. गोधडीच्या पिशवीतून दाभण काढलं. वापरल्यावर मी ते पुसलंसुद्धा नव्हतं. खाली येऊन ते गौरांगरावांच्या हातात दिलं.

त्यांनी चकती चौकटीतून सोडवून आडवी धरली. दाभण पहिल्या भोकात घातलं. ते रुंदीला थेट अडकलं, म्यानात बसावं तसं. दुसऱ्यात घातलं, अडकलं. तिसऱ्यात. मग त्यांनी भिंग दाभणाच्या टोकाशी नेलं. "सोनेरी रंग आहे," ते म्हणाले. "आणि अ‍ॅल्युमिनियमचा कीस." चौथ्या भोकाशी एक ताजा ओरखडा होता, चकचकीत, शंभर वर्षांचा नव्हे. मी अंगठा पुढे केला.

बाईंनी माझा हात धरला, अगदी करकचून, आणि अंगठ्यावरची खूण भिंगातून बघितली. मग हात झटकून टाकला.



"चौसष्ट वर्षं मला माहीत होतं," शेवटी बाई म्हणाल्या. "तो कसा होता ते मला माहीत होतं. आणि आत्ता दहा मिनिटं तर अगदी पक्कं माहीत होतं." त्यांचा श्वास वाजत होता. "आता मला काहीच माहीत नाही. आणि आता ते कधीच कळणार नाही. हिनं माझं कपाळ नेलं आणि माझा राग पण नेला. हिला सांग, मला सांत्वन नकोय. हिला सांग, तोंड उघडू नकोस."



*

क्युंडिगुंग सोमवारी आली, पत्रपेटीत नाही, हातात. बाई दुसऱ्यांदा जिना चढून आल्या. पाकीट टेबलावर ठेवलं. सहा महिन्यांत घर सोडा. गौरांगरावांनी उघडून वाचलं आणि घडी करून ठेवलं. ते माझ्याशी तेव्हापासून बोलत नव्हते, पण माझ्या पानात वाढायला मात्र विसरत नव्हते.

बाई दारात थांबल्या. मैथिलीला म्हणाल्या, "ती गाणार आहे ना शनिवारी? त्याच्याबद्दल?"

"नाही गाणार," मी घाईनं म्हटलं. "सांग त्यांना, दुसरं आख्यान लावते."

"गाऊ दे," बाई म्हणाल्या. "पण तिला सांग. अकरा चकत्या बिघडवल्या, ते सांगायचं. चमचे विकले, ते सांगायचं. बारावीनं चेहरा दाखवला, तेही सांगायचं, ते खरं आहे. दाभण सांगायचं. आणि कपाळाबद्दल एक शब्द गोड घातला तर मला कळेल. तुमच्यातलं कुणीतरी येऊन सांगेलच, तुमचे लोक बोलतात फार."

आणि गेल्या. उतरताना प्रत्येक पायरीवर काठी वाजली.

शनिवारी स्टुटगार्टच्या हॉलमध्ये ऐंशी माणसं होती. मध्यंतराला मला बुक्का लावला, हार घातला, लहानमोठे सगळे पाया पडून गेले. गौरांगरावही आले, रीत म्हणून वाकले. मग मी आख्यान लावलं. त्सुफेनहाउझेनच्या घड्याळजीचा मुलगा, दहा तासांचा लेथ, अकरा चकत्या, चमचे, मावशी, कानस, बर्फाची पायरी. दाभण सांगितलं तेव्हा पेटीवाल्यानं भाता सोडून दिला.

मग ती खिडकी आली. ती नारिंगी मुलगी, डोळे मिटणारी, उघडणारी. आणि भुवयांच्या वर उजेडाचे तीन आडवे पट्टे.

तीन आडवे पट्टे म्हटल्यावर कीर्तनकाराच्या जिभेवर काय येतं, ते कुठल्याही श्रोत्याला सांगावं लागत नाही. भस्म. महादेवाचं. शब्द अगदी ओठांपर्यंत आला, मागून चालही आली. लोकांनी माना डोलावल्या असत्या, बायकांनी डोळे पुसले असते. पहिल्या रांगेतल्या एक आजी तर हात जोडून वाटच बघत होत्या.

"तिचं कपाळ दिसलं नाही," मी म्हटलं.

तबलजी ठेक्यासाठी माझ्याकडे बघत राहिला. आजी म्हणाल्या, "मग? पुढे?"

"पुढे काही नाही," मी म्हटलं, आणि चिपळ्या खाली ठेवल्या.